हौसाचा विळा

मल्लनाथ महाराज तेव्हा खैरवाडीस मारुतीच्या पारावर मुक्कामाला होते. गहू पिवळाधमक झालेला, सोंगणीचे दिवस. गावची रीत अशी की, काम हवं असलेल्यांनी सकाळी आपापला विळा पारावर मांडायचा. मुकादम येऊन हवे तेवढे विळे हाताने उचलून पाटीत टाकायचा. विळा उचलला म्हणजे शब्द दिला. ज्याचा राहिला, त्याने निमूट घरी जायचं. काम थोड्याच दिवसांचं, मजुरी रोजाची एक पेंढी. पण तेवढ्या पेंढ्यांवर गरिबाची चूल पाऊसकाळापर्यंत पेटायची.

मुकादम दाजीबा मोठा ताठ गडी. गव्हाचं पोतं एका हाताने खांद्यावर घेई, आणि ते चारचौघांत सांगितल्याशिवाय त्याला अन्न गोड लागत नसे! त्या दिवशी वीस विळे उचलून झाले आणि एकविसावा पाहून त्याला हसू आलं. तो हौसाचा होता. तिचा नवरा अंथरुणाला खिळलेला, आणि तिच्या डाव्या हाताची दोन बोटं उसाच्या चरकात गेलेली. महाराजांपुढचं अंगण झाडून ती रोज विळा मांडायची. चार दिवस तो तसाच पडून राहिला होता.

"तीन बोटांत गहू धरणार होय गं? जा, महाराजांचं अंगण झाड. तिथं बोटं कोण मोजतंय!" असं म्हणून दाजीबाने विळा पायाने पाराखाली लोटला.

बाया चरकल्या. दसऱ्याला ज्याची पूजा करायची, त्या अवजाराला पाय!

"दाजीबा," महाराज म्हणाले, "तिला घ्यायचं नसेल तर नको घेऊस. पण पाय लावलास, तेवढा विळा उचलून कपाळाला लाव."

"महाराज, माळ तुमची, विळे आमचे. ज्याचं त्यानं बघावं," म्हणत दाजीबा पाटी घेऊन चालू लागला.

शेतात पहिल्या बाईने मूठ धरून विळा ओढला. काडी कापेना. दुसरीचंही तेच, तिसरीचंही तेच.

"नखरे करता काय गं?" दाजीबाने एकीचा विळा हिसकावला. अंगठ्यावर धार पाहिली तर रक्ताची चिळकांडी उडाली. गव्हाला लावला तर काडी नुसती वाकली! वीसच्या वीस विळ्यांची तीच गत. दाजीबाला पायाने लोटलेला विळा आठवला. तेवढ्यात मावळतीला ढग गडगडले. गारा पडल्या तर उभं पीक मातीत!

तो धावतच पाराकडे आला. हौसाचा विळा तिथेच पडलेला. महाराजांनी कुणाला हात लावू दिला नव्हता. दाजीबाने वाकून एका हाताने उचलायला पाहिलं. हलेना. दोन्ही हात लावले, कपाळाची शीर फुगली, तरी विळा तसूभर सरकेना! पोतं उचलणारा गडी विळ्यापाशीच खाली बसला.

"महाराज, हे काय झालं हो? चुकलो मी!"

"मला काय सांगतोस? विळा कुणाचा?" महाराज म्हणाले. मग पाराशीच थांबलेल्या हौसाकडे वळले. "बोल बाई, काय करू याचं?"

हौसाने पदर सावरला. "माझं राहू द्या, महाराज. त्या वीस जणींच्या घरीबी पोरं हायत. त्यांचा रोज बुडाया नको. त्यांचे विळे चालू द्या."

दाजीबा पार हबकला. जिचा विळा लाथाडला, ती स्वतःसाठी काहीच मागत नाही? त्याच्या डोळ्यांत घळकन पाणी आलं. त्याने विळ्यावर डोकं टेकलं. वर झाला तेव्हा विळा अलगद त्याच्या हातात होता!

"हौसाक्का, उचलला मी. शब्द दिला. चला."

शेतात हौसाच्या तीन बोटांनी मूठ धरली. खस्सकन पहिली काडी कापली, आणि मागोमाग वीसही विळे चालू लागले. ढग माथ्यावरून गुरगुरत गेले. गारा पडल्या त्या ओढ्यापलीकडच्या ओसाड माळावर.

संध्याकाळी दाजीबाने हौसाची पेंढी स्वतःच्या डोक्यावरून तिच्या घरी पोचवली आणि पारावर येऊन महाराजांच्या पायांवर लोळण घेतली.

महाराजांनी त्याला उठवलं. "इथं वाकणं सोपं आहे रे. सकाळी वाक."

सकाळी पारावर विळे मांडले गेले. उचलण्याआधी दाजीबाने सगळ्या गावादेखत त्या ओळीपुढे मस्तक टेकलं, आणि पहिला हात घातला तो हौसाच्या विळ्याला.