ठमाईचा खराटा

ऐका मंडळी. गोष्ट डोंगराएवढी जुनी आहे, पण तिचा राग अजून ताजा आहे. फार वर्षांपूर्वी, गोऱ्या साहेबांच्या राज्यात, आंबेकुंड नावाच्या ठाकरवाडीत ठमाई राहायची. वाडीच्या माथ्यावर रान होतं आणि रानाच्या पोटात झरा. वाडी त्याच झऱ्याचं पाणी प्यायची. रान गेलं की झरा जाईल आणि झरा गेला की वाडी उठेल, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

म्हणून माघ सरला, पानगळ झाली, की घरटी एक माणूस खराटा घेऊन वर जायचं. रानाच्या कडेने बैलगाडी जाईल एवढा पट्टा झाडून काढायचं, वणवा आलाच तर त्याला पुढे खायला काही सापडू नये. झाडलेला पाचोळा पाट्यांत भरून खाली आणायचा आणि भाताची रोपं टाकायच्या जागेवर जाळायचा. त्याला राब म्हणतात. पट्टा कुठून कुठे न्यायचा ते ठमाई ठरवायची. वारा तिला सांगून वाहायचा, असं म्हणतात.

मग जंगलाचा साहेब आला. त्याला लांबून राबाचा धूर दिसला आणि त्या शहाण्याने ठरवलं की हीच माणसं रान जाळतात. हुकूम सुटला. रानात पाऊल टाकायचं नाही, वाळकं पान उचललं तरी चोरी. शिपायांनी घरोघरचे खराटे गोळा केले, मोळ्या बांधल्या आणि चौकीत कुलूपबंद केले. अहो, खराटे! चोराच्या हातात कुणी खराटा पाहिलाय?

ठमाई तडक चौकीवर गेली.

"सायेबा, खराटं कुलपात घातलंस. आता पाचोळा कंच्या कुलपात घालशील?"

दुभाष्याने सांगितलं तसा साहेब हसला. म्हणाला, "रान राखायला सरकार आहे, म्हातारे. तू आपलं घर झाड."

तीन वर्षं रानाला खराटा लागला नाही. पाचोळा गुडघ्याएवढा साचला. तिसऱ्या चैत्रात साहेब रानात शिकारीला उतरला. त्याच्या तंबूपुढची चूल कुणी विझवली नाही आणि भर दुपारी रान पेटलं. साहेब नुसता ओरडत सुटला, "पाणी आणा, पाणी!" पाणी होतं झऱ्याला, आणि आग त्याच बाजूला निघाली होती.

वाडीतली माणसं चौकीचं कुलूप फोडायला धावली. ठमाई थांबली नाही. तिने वाटेतली निरगुडी मोडली, लुगड्याचा काठ फाडून फोक बांधले आणि आगीच्या पुढे जाऊन झाडायला लागली. एकटी, सत्तरीची बाई. ती एक हात मारायची आणि दहा हात जमीन उघडी पडायची, असं म्हणतात. पाचोळाच उठून बाजूला व्हायचा, असंही म्हणतात. खराटा झिजून मूठभर राहिला, तेव्हा तिने हातांनी झाडलं. झऱ्यापासून कड्यापर्यंत पट्टा पोचला. आग त्या पट्ट्यापाशी आली आणि थकल्या म्हशीसारखी खाली बसली.

माणसं खराटे घेऊन पोचली तेव्हा झरा वाहत होता. कड्यावर खराट्याचं बूड तेवढं पडलं होतं. ठमाई कुणालाच दिसली नाही. राखलेल्या रानात ती आत निघून गेली, असं म्हणतात. पुढच्या पावसात त्या बुडाला पालवी फुटली.

आणि साहेबाने काय लिहिलं माहीत आहे? आग वाडीच्या लोकांनी लावली, सरकारी माणसांनी विझवली. चोराच्या उलट्या बोंबा! कागदावर ठमाईचं नावसुद्धा नाही. जिने रान वाचवलं तिच्या वाडीला वर दंड झाला.

तो साहेब गेला, त्याच्यामागून आपले साहेब आले, रानाच्या तोंडावरची पाटी तीच राहिली: आत जाण्यास मनाई. तरी माघ सरला की आंबेकुंडची माणसं कड्यावर जातात. त्या निरगुडीचे फोक तोडतात, लुगड्याच्या काठाने बांधतात. वाडीतली सगळ्यात म्हातारी बाई पहिला हात मारते, मग सारी वाडी झाडत सुटते. कधी कुणी साहेब येऊन विचारतो, "परवानगी कुणाची?" तेव्हा सगळे खराटा पुढे धरतात आणि म्हणतात,

"ठमाईचा हाय. घाला कुलपात."

अजून एकाही साहेबाने त्याला हात लावलेला नाही. आणि हे 'असं म्हणतात' नव्हे. हे मी डोळ्यांनी पाहिलंय, खराटा माझ्याही हातात होता.