न तपासलेला पाला

एका जंगलात एक विद्यापीठ भरत असे. मुलांनो, हसू नका. ते खरोखरच नावाजलेले विद्यापीठ होते. एका विशाल उंबराखाली त्याचे वर्ग चालत. म्हातारा हत्ती तिथला कुलगुरू होता आणि एक मुंगूस वनस्पती शिकवत असे. कोणत्या मुळीने ताप उतरतो, कोणत्या सालीने जखम भरते, कोणते फळ दिसायला गोजिरे पण पोटात गेले तर जीव घेणारे, हे सारे तो आधी स्वतः तपासून पाही आणि मगच सांगे. म्हणून लहानमोठे सगळे प्राणी त्याला 'गुरुजी' म्हणत आणि काही दुखले-खुपले की आधी त्याच्याकडे येत.

विद्यापीठाच्या मागे, ओढ्याच्या काठी, भांगेची झुडपे माजली होती. एका वर्षी काही माकडांनी तो पाला ओरबाडून खाल्ला. त्यांना नशा चढली, आणि त्यांतली दोन उंच फांदीवरून दगडांवर पडून मेली. तेव्हा सिंहाने दवंडी पिटवली : "भांगेच्या झुडपाला कोणीही तोंड लावायचे नाही. विद्यापीठाला ते तपासायचे असेल, तर त्यांनी तशी परवानगी मागावी."

गुरुजी दुसऱ्याच दिवशी हत्तीकडे गेले. म्हणाले, "कुलगुरू, या पाल्याने माकडं मेली हे खरं. पण जुने जाणते प्राणी म्हणत, की यानेच वेदना शमते आणि फेफऱ्याचे झटकेही थांबतात. यात खरं किती आणि ऐकीव किती, हे आपण नाही तर कोण पाहणार? सिंहमहाराजांकडे परवानगी मागू या."

हत्तीने बराच वेळ कान हलवले. मग तो म्हणाला, "उद्या सारं जंगल म्हणेल, विद्यापीठात भांग शिकवतात. मग आईबाप आपली पिलं इथं पाठवतील का? जंगलात झाडं काय कमी आहेत? दुसरं एखादं घ्या."

गुरुजींना ते पटले नाही. पण उंबराखालची आपली जागा त्यांनाही प्रिय होती. ते गप्प बसले, आणि त्या वर्षी त्यांनी पुन्हा एकदा गुळवेलच शिकवली.

त्याच जंगलात एक हरिणी राहत असे. तिला एकच पाडस होते आणि त्या पाडसाला फेफरे येई. चरता चरता ते धाडकन कोसळे, पाय ताठ होत, तोंडाला फेस येई. दिवसातून चारचार वेळा हे चाले. बरोबरीची पाडसे उड्या मारायला लागली, तरी हे आईच्या पोटाला चिकटूनच चाले. गुरुजींनी दिलेल्या सगळ्या मुळ्या आणि साली तिने देऊन पाहिल्या. कशानेच गुण आला नाही.

जंगलाच्या कडेला एक कोल्हा होता. तो कधी कोणाकडे काही शिकला नव्हता, पण बोलण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. सिंहाची दवंडी ऐकून त्याने एवढेच केले, की भांगेचा पाला गुपचूप आपल्या बिळात आणून ठेवला. पोटदुखी, खरूज, गुडघेदुखी, म्हातारपण, साऱ्यांवर तो तेच एक औषध सांगे. हरिणीलाही तो म्हणाला, "वहिनी, माझा पाला द्या. आठ दिवसांत पाडस उड्या मारेल."

हरिणीचा त्याच्यावर विश्वास नव्हता. ती पाडसाला घेऊन तडक विद्यापीठात आली.

"गुरुजी, कोल्हा म्हणतो ते खरं आहे का?" तिने विचारले. "भांगेच्या पाल्याने झटके थांबतात?"

"कदाचित थांबत असतील," गुरुजी म्हणाले.

"मग देऊ?"

"मला सांगता येणार नाही, ताई. आम्ही तो कधी तपासलेला नाही."

"बरं, नको देऊ? दिला तर याला काही अपाय होईल?"

"तेही मला सांगता येणार नाही."

तेवढ्यात तिच्या पायाशी पाडस कोसळले आणि आचके देऊ लागले. झटका ओसरेपर्यंत ती त्याला चाटत राहिली. मग ती म्हणाली, "गुरुजी, तुम्ही इतके शिकलेले, आणि तुमच्याकडे उत्तर नाही. तो कोल्हा काहीच शिकला नाही, पण त्याच्याकडे उत्तर आहे. सांगा, मी कुणाकडे जाऊ?"

हरिणी कोल्ह्याकडे गेली.

आणि मुलांनो, नवल असे, की पाल्याने गुण आला. पहिल्या आठवड्यात झटके निम्म्यावर आले. दुसऱ्या आठवड्यात तर एक अख्खा दिवस झटक्यावाचून गेला. त्या दिवशी पाडसाने प्रथमच एक पडलेले खोड उडी मारून ओलांडले. आपण केले काय हेच त्याला कळेना. ते वळून पुन्हा त्याच खोडावरून उडाले. हरिणी कितीतरी दिवसांनी हसल्यासारखी हसली.

पण थोड्याच दिवसांत झटके परत येऊ लागले. ती धावत कोल्ह्याकडे गेली. पाला का चालेनासा झाला, हे कोल्ह्याला ठाऊक नव्हते. पण 'ठाऊक नाही' हे शब्दच त्याच्या तोंडी नव्हते. तो म्हणाला, "अहो, थोड्याने इतका गुण, तर जास्तीने किती येईल! आता नुसती पानं नकोत, शेंड्याचा फुलोरा द्या. पोटभर द्या. झाडपाल्याने कधी कुणाला काही होतं का?"

हरिणीने सकाळी पाडसाला फुलोरा चारला. ऊन चढले तसे पाडस झुलायला लागले. मग ते कुरणातच बसले. डोळे उघडे होते, पण नजर कुठेच नव्हती. त्याला झोप आली असेल, असे तिला वाटले.

दुपारी रानकुत्री आली.

हरिणीने इशाऱ्याची हाक दिली. सगळा कळप उधळला. पाडसाने आईकडे पाहिले, उठायला पुढचे पाय टेकले, आणि ते पुन्हा खाली बसले. तिने त्याला डोक्याने ढकलले. "ऊठ बाळा, ऊठ!" ती ओरडली. ते ऐकत होते, पण त्याचे पाय त्याचे राहिले नव्हते. कुत्री अगदी अंगावर येईपर्यंत ती तिथून हलली नाही. मग जिवाच्या भीतीने तिचे पाय पळाले. पुढचे सारे तिने टेकडीवरून पाहिले.

दुसऱ्या दिवशी सिंहाने सभा बोलावली. कोल्हा उभा राहून म्हणाला, "मी काय करू? तिनेच जास्त दिला." हत्ती म्हणाला, "ही घटना दुःखद आहे. पण विद्यापीठाचा याच्याशी काहीही संबंध नाही. आम्ही त्या झुडपाला हातसुद्धा लावलेला नाही."

तेव्हा गुरुजी उठले. "संबंध आहे, महाराज," ते म्हणाले. "ती आधी आमच्याकडे आली होती. परवानगी मागायची वाट मोकळी होती. कुलगुरूंनी आपलं नाव जपलं आणि मी माझी जागा. हातसुद्धा लावला नाही, हाच आमचा गुन्हा आहे."

सिंहाने कोल्ह्याला पाला वाटायला मनाई केली आणि विद्यापीठाला तिथल्या तिथे तपासणीची आज्ञा दिली.

गुरुजींना त्या कामाला दोन वर्षे लागली. त्यांना दिसले, की एक झुडूप दुसऱ्यासारखे नसते. पानांपेक्षा शेंड्याच्या फुलोऱ्यात गुंगी फार असते. काही झटक्यांवर पाल्याचा उपयोग होतो, काहींवर मुळीच होत नाही. आणि कोवळ्या पिलांना तर फार जपून, जाणत्याच्या देखरेखीखालीच तो द्यावा लागतो. खरूज आणि म्हातारपण यांच्यावर त्याचा काही इलाज नव्हता. पुष्कळ गोष्टी अजून कळायच्या राहिल्या होत्या. त्याही त्यांनी 'कळलेल्या नाहीत' म्हणून स्पष्ट सांगितल्या.

वर्ग सुरू करण्याआधी ते हरिणीला शोधत गेले. ती दूरच्या माळावर एकटीच चरत होती. गुरुजींनी सगळे सांगितले. तिने ते शेवटपर्यंत ऐकून घेतले.

"खूप चांगलं काम केलंत," ती म्हणाली. "पण मला सांगून आता काय होणार? ज्यांची पिलं जिवंत आहेत, त्यांना जाऊन सांगा."

आणि ती पुन्हा चरू लागली.

गुरुजींनी वर्ग सुरू केला. पहिल्या दिवशी तीनच प्राणी आले. बाकीचे म्हणाले, "गरज होती तेव्हा तुम्ही गप्प होता. आता आम्हांला कोल्ह्याची सवय झाली आहे." गुरुजी मग उंबराखालची जागा सोडून बिळाबिळाशी, घरट्याघरट्याशी जाऊन शिकवू लागले. कुठे त्यांचे ऐकत, कुठे हाकलून देत. आजही त्या जंगलातले अर्धे आईबाप पिलू आजारी पडले की लपूनछपून कोल्ह्याचीच वाट धरतात.

तात्पर्य : जाणते लोक नावाला जपून गप्प बसले, की अजाण लोक शिकवू लागतात, आणि त्या शिकवणीची किंमत गप्प बसणाऱ्यांना नव्हे, तर विचारायला आलेल्यांना मोजावी लागते.