बाईंचा रेंगाळणारा कॉम्प्युटर

एकदा एक शिष्य आपल्या गुरूंवर भलताच वैतागला होता.

सुहृद त्याचं नाव. जपानी अ‍ॅनिमे मालिका पाहायच्या आणि त्यांची परीक्षणं लिहायची, हा त्याचा ध्यास. ही विद्या त्याला शिकवणाऱ्या सरोळकरबाई एका साप्ताहिकात वर्षानुवर्षं त्याच विषयावर सदर लिहीत. आता त्या थकल्या होत्या आणि सदर सुहृदच्या हाती सोपवायचं म्हणत होत्या. त्याचं पहिलं परीक्षण त्या संध्याकाळी छपाईला जायचं होतं. बाईंनी होकार दिला, की सदर त्याचं. सकाळीच त्याने मजकूर त्यांच्याकडे धाडला होता. दुपारी त्यांचा फोन आला, तर म्हणतात काय, "जरा ये आणि माझा कॉम्प्युटर बघून जा."

परीक्षणाबद्दल अवाक्षर नाही. सुहृदचं डोकंच फिरलं. मागे प्रिंटर गेला म्हणून बोलावलं होतं, तर वायरच लावलेली नव्हती. त्याआधी आवाज येत नाही म्हणून, तर स्पीकरचं बटण बंद. शिष्याने गुरूची सेवा करावी हे खरं, पण कितीदा करावी?

तो गेला. पडद्यावर त्याने परीक्षण लिहिलेलीच मालिका चालू होती. एक म्हातारा नावाडी, बायको गेल्यानंतर प्रथमच नातीला नावेत घेऊन निघालेला. सुहृदने थोडा वेळ पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"बाई, केवढा रेंगाळतोय हा. चित्र पुढे सरकतच नाही. कसं बघता तुम्ही?"

"बघते बापडी. बिघाड आहे म्हणतोस?"

"आहेच."

"मग कर दुरुस्त."

सुहृदने कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला. नको ते सगळं काढून टाकलं. इंटरनेटची वायर काढून परत खोचली, आतल्या पंख्यावरची धूळसुद्धा झटकली. बाई मटार सोलत बसल्या होत्या. नावाडी मात्र होता तितकाच संथ. शेवटी सुहृद चिडून म्हणाला, "बाई, हे धूड भंगारात द्या."

बाई उठल्या. भिंतीवरचं घड्याळ त्यांनी खिळ्यावरून काढलं आणि पडद्याला टेकवून ठेवलं.

"ह्याचा काटा बघ, आणि चित्राखाली सरकणारे सेकंद बघ."

सुहृद पाहत राहिला. दोन्ही अगदी बरोबरीने चालले होते. कॉम्प्युटर ठणठणीत होता.

"घरी कशा बघतोस रे मालिका?"

तो चाचरला. "दुप्पट वेगाने. इतक्या येतात बाई, नाहीतर उरकणार कशा?"

"तरीच," बाई म्हणाल्या. "ह्या नावाड्याला दुःख करायलाही उसंत नाही, दिग्दर्शक नुसता धावत सुटलाय, असं लिहिलंयस तू. वाचून मीच चक्रावले. अरे, धावत होतास तू, आणि दोष त्याच्या माथी मारलास. वैताग येतो मला. प्रिंटर चालला नाही तर तू आधी वायर बघतोस, बटण बघतोस, मग त्याला नावं ठेवतोस. कुणाच्या कलाकृतीला नावं ठेवण्याआधी आपली वायर एकदा बघायला काय जातं? कुणीतरी जीव ओतून हे चितारलंय. तुझ्या शब्दावर विसंबून लोक ते बघणारच नाहीत."

सुहृदला लाज वाटली. हातातोंडाशी आलेलं सदर जाणार, हेही त्याला दिसत होतं. तरी त्याने संपादकांना फोन लावला आणि माझं परीक्षण छापू नका म्हणून सांगितलं.

"मग नवं कधी देताय?"

"मालिका बघून झाली की."

"म्हणजे अजून बघितलीच नाही?" संपादकांनी विचारलं.

बाईंनी घड्याळ परत खिळ्याला अडकवलं आणि मालिका पहिल्यापासून लावली. नावाड्याने वल्ह्याला हात लावला आणि तो नुसता पाण्याकडे बघत बसला. सुहृदचा हात सवयीने माउसकडे गेला. बाईंनी मटारचं ताट त्याच्यापुढे सरकवलं.

"सोल. सदर लिहिणाऱ्याचे हात रिकामे नसावेत, बटणाकडे जातात."

बऱ्याच वेळाने म्हातारा नातीला म्हणाला, "चल." तोवर सुहृदच्या हातातली शेंग तशीच राहिली होती.