झिंगीचं मिटलेलं पोवळं

दिगूकाका-शकूकाकूंच्या घरी काचेची एक पेटी. पेटीत खारं पाणी. इवलासा समुद्रच! त्यात राहायची झिंगी कोळंबी. तिचं घर गुलाबी पोवळ्यात. पोवळं उघडायचं, झिंगी आत निजायची.

आली नारळी पौर्णिमा. खरा समुद्र लांब राहिला. मग शकूकाकूंनी काय केलं? हळूच पेटीत खोबरं वाहिलं. हात जोडले.

अहाहा, गोड खोबरं! झिंगीने खाल्लं मचमच मचमच. उरलेलं कुजलं, पाणी गढूळ झालं. पोवळं पडलं पांढरंफटक. मिटून बसलं घट्ट. झिंगी बाहेरच!

झिंगी शरमली. "देवाचं खोबरं खाल्लं ते कुणाला सांगायचं नाही बाई!"

"पोवळ्या पोवळ्या, उघड ना!"

"नाही उघडणार! आधी पाणी निवळू दे."

झिंगी निघाली सुळुक सुळुक.

"पाण्या पाण्या, निवळ ना!
पोवळं काही उघडेना,
कुठे निजावं कळेना!"

"नाही निवळणार! आधी मला खेळवणारी मोटार फिरू दे."

सुळुक सुळुक.

"मोटारबाई, फिर ना!
पाणी काही निवळेना,
पोवळं काही उघडेना,
कुठे निजावं कळेना!"

"घुर्र... खट! नाही फिरणार! आधी माझी तुंबलेली जाळी मोकळी होऊ दे."

सुळुक सुळुक.

"जाळीताई, मोकळी हो ना!
मोटार काही फिरेना,
पाणी काही निवळेना,
पोवळं काही उघडेना,
कुठे निजावं कळेना!"

"नाही होणार! आधी दिगूकाकांना मला धुऊ दे."

झिंगीने काच वाजवली, टक टक. दिगूकाका वाकले.

"काका काका, धुवा ना!
जाळी मोकळी होईना,
मोटार काही फिरेना,
पाणी काही निवळेना,
पोवळं काही उघडेना,
कुठे निजावं कळेना!"

"नाही धुणार! रोज धुतो, रोज तुंबते. पाण्यात काय पडलं, ते आधी कळू दे."

झिंगीला ठाऊक होतं! पण तोंड उघडेना. शेपटीपर्यंत लाल झाली. गेली काकूंकडच्या काचेशी, सुळुक... सुळुक...

"काकू काकू, सांगा ना!
काका काही धुवेनात,
जाळी मोकळी होईना,
मोटार काही फिरेना,
पाणी काही निवळेना,
पोवळं काही उघडेना,
कुठे निजावं कळेना!"

काकूंनी तोंडावर पदर घेतला. "नाही सांगणार! देवाचं म्हणून वाहिलं, नि पोवळं आजारी पाडलं. मला बाई लाज वाटते."

झिंगी काचेला आणखी बिलगली.

मग झिंगी अगदी हळू म्हणाली, "काकू, मी खाल्लं ते खोबरं. मलाही लाज वाटते."

पदराआडून एक डोळा दिसला. "तूसुद्धा?"

"मीसुद्धा."

"चल तर. दोघी मिळून सांगू."

"अहो, ऐकलंत का? खोबरं मी टाकलं."

"आणि मी खाल्लं!"

"अगं, मग आधी नाही का सांगायचं?" काका हसले. "मी आपला पाण्यातल्या मिठाला नावं ठेवतोय!"

काकूंनी खोबरं वेचलं. मग काका धुऊ लागले, खसखस खसखस. जाळी मोकळी झाली. मोटार फिरली घुर्रर्र. पाणी निवळलं.

आणि पोवळं? हळू... हळू... मुठीचं उघडावं तसं एक बोट उघडलं. दुसरं उघडलं. रोज थोडं थोडं गुलाबी झालं.

झिंगी सुळकन आत!

समुद्रदेवा, झिंगी जशी निजली, तशी आमची लेकरंही सुखानं निजोत.