फिलर गेज आणि रॉकरचा खड्डा

अवजारं बोलत त्या काळी, बाबालाल मिस्त्रींच्या गॅरेजात एक फिलर गेज होती. तिची पाती कागदासारखी पातळ. बारीकशी फटही ती अचूक मोजायची आणि त्याचा तिला भारी तोरा होता.

एकदा म्हाताऱ्या जीपचं इंजिन उघडलं. टॅपेटची फट तीनदा जुळवली, तरी इंजिनाची टकटक जाईना. गेजची पाती व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा पोलादी रॉकर यांच्या मधून सरकली. "फट बरोबर आहे. खोट दुसरीकडे शोधा," ती ठसक्यात म्हणाली.

"बाई, तुझी पाती सरळ. माझ्या खड्ड्याच्या काठांवर टेकून ती वरच्यावर निघून गेली," रॉकर म्हणाला.

"पोलादाला खड्डा? कुणी पाडला?"

"व्हॉल्व्हनं. तीस वर्षं मी त्याला मिनिटाला हजारदा दाबलं. तेवढ्याच वेळा त्यानं मला झिजवलं."

मिस्त्रींनी डोळे मिटून रॉकरवरून नख फिरवलं. नख अडकलं. "सापडलं दुखणं," ते पुटपुटले. त्या जाड, काळ्या नखाकडे गेज बघत राहिली.

नवा रॉकर बसला, टकटक थांबली. पण तेव्हापासून माप सांगून झालं, की गेज हळूच म्हणते, "मिस्त्री, एकदा नख फिरवून बघता का?"