पाठीवरचा भोपळा

एकदा लेण्यांच्या पायथ्याशी राहणाऱ्या एका तरुणाने इंग्रजी व्याकरण इतक्या निष्ठेने आत्मसात केले, की त्याला इंग्रजी बोलणेच अशक्य होऊन बसले. 'सिन्स' कुठे आणि 'फॉर' कुठे, 'अ' कधी आणि 'द' कधी, हे तो झोपेतही सांगे. परंतु लेणी दाखवणाऱ्या मार्गदर्शकांच्या तोंडी परीक्षेत मागल्या खेपेस तो 'हॅज' की 'हॅड' याचा निवाडा करीत उभा राहिला आणि वेळ संपली. उद्या पुन्हा परीक्षा होती. ती हुकली, तर थोरल्या भावाच्या पिठाच्या गिरणीत उभे राहणे ठरलेलेच होते.

तो आपल्या वृद्ध गुरूंकडे गेला. "गुरुजी, नियमांची उजळणी घ्या."

गुरुजींनी माळ्यावरून एक सुका भोपळा काढला. पोरांना पोहायला शिकवताना पाठीला बांधतात तो. "चल विहिरीवर."

तिथे त्यांनी तो शिष्याच्या पाठीला करकचून आवळला आणि हातातला पितळी तांब्या पाण्यात सोडून दिला. "आण वर."

"अहो, मला पोहता येतं! लोक हसतील."

"हसू देत. तांब्या तुझ्या काकूंचा आहे. हरवला तर मला घरात घेणार नाही ती."

शिष्याने सूर मारला. भोपळ्याने त्याला उचलून वर आणले. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच. अखेर पायरीला धरून तो धापा टाकत ओरडला, "आधी हा सोडा! हा असेपर्यंत तळ गाठताच येणार नाही!"

"का रे? लहानपणी यानेच तारलं ना तुला?"

"तेव्हा पोहता येत नव्हतं, गुरुजी!"

गुरुजी गाठ सोडवत म्हणाले, "नियमांचंही तसंच आहे. शिकताना त्यांनी तुला सांभाळलं. आता ते तुझ्या अंगात मुरले आहेत. तरी तू ते पाठीला बांधूनच बोलायला उभा राहतोस आणि अर्थापर्यंत पोचत नाहीस. चुकशील? खुशाल चूक. नाकात थोडं पाणी जाईल, एवढंच. ऐकणारा तुझं व्याकरण तपासायला येत नाही, बाळा. त्याला लेण्यातली गोष्ट हवी असते."

 शिष्याने बुडी मारली आणि तांब्या वर आणला.

दुसऱ्या दिवशी तो परीक्षकांना एका अपुऱ्या मूर्तीपुढे घेऊन गेला आणि ती तशीच टाकून निघून गेलेल्या शिल्पकाराची दंतकथा सांगू लागला. 'वेन्ट' म्हणायचे तिथे तो 'गो' म्हणून गेला. चूक त्याला कळली, कानशिले तापली; पण त्याने वाक्य मागे ओढले नाही. त्याचे लक्ष शिल्पकाराकडे होते.

गुण लिहिणारी परीक्षकांची लेखणी थांबली.

"अँड देन?" त्यांनी विचारले.