कोणीतरी म्हणजे कोण?

चाकणच्या कारखान्यातलं नवंकोरं जपानी मशीन जळलं आणि कारण विचारायला ते बनवणाऱ्या कंपनीचे मोरीतासान थेट जपानहून येऊन बसले. समोर मॅनेजर जहागीरदारसाहेब, दाराशी मशीन चालवणारा दत्तू पवळे आणि मध्ये दुभाषी शलाका मोघे. मशीन निवू न देता रेटायचा हुकूम साहेबांचाच होता, तो शलाकानं कानांनी ऐकला होता. पण दुभाष्यानं पदरचा शब्द घालायचा नसतो.

साहेब दत्तूकडे रोखून बघत म्हणाले, "सांगा त्यांना, कोणीतरी हलगर्जीपणा केला. त्याला आजच घरी पाठवतो."

दत्तूचा चेहरा पांढराफटक पडला. शलाका त्याच्याकडे बघत राहिली.

"दातखीळ बसली का?" साहेब शलाकावर कडाडले.

"साहेब, जपानीत 'कोणीतरी' दोन तऱ्हेनं म्हणतात. कोण ते ठाऊक नसेल तर 'दारेका'. ठाऊक असून नाव घ्यायचं नसेल तर 'आरु हितो'. आपल्याला ठाऊक आहे का, तेवढं सांगा."

साहेब मनाशी हिशेब करू लागले. ठाऊक नाही म्हणावं, तर घरी पाठवणार कोणाला? आहे म्हणावं, तर पाहुणा नाव विचारणार. दत्तूचं घेतलं, तर दत्तू हुकमाचं बोलणार, आणि साक्षीदार मध्येच बसलेली. मोरीतासान शांतपणे उत्तराची वाट बघत होते.

"मी..." साहेब कसेबसे म्हणाले. "मीच, असं सांगा."

"सांगते," शलाका म्हणाली. "'मी'ला त्यांच्याकडे पुष्कळ शब्द आहेत, साहेब. त्यातला सगळ्यात नम्र घेते."